जवसाच्या कुळातला शंकासुर

माझ्या थोरल्या भावाला कचेरीत सगळे शंकासुर म्हणायचे. शंकासुर नावाचं एक झुडूपही असतं, कुंपणाला लावतात ते, लाल-पिवळ्या फुलांचं. वनस्पतींच्या संग्रहालयात नोकरी करणाऱ्याला झाडाचं नाव मिळालं तर बिघडलं काय, असं कोणी म्हणेल. पण ते नाव झाडावरून पडलेलं नव्हतं. त्याच्या तोंडावर ते कोणी उच्चारत नसे. तरी आपल्याला काहीतरी नाव पडलंय असा दादाला दाट संशय होता, आणि त्याच्या आयुष्यातल्या शेकडो संशयांपैकी हा एक तेवढा खरा होता.

दादा तिथे संग्रहपाल होता, आणि पुढे मीही तिथेच लागलो. वाळवलेल्या झाडाची फांदी जाड पांढऱ्या कागदावर चिकटवतात, त्याला आम्ही शीट म्हणायचो. खाली उजव्या कोपऱ्यात लेबल. झाड कुठे सापडलं, कधी, कोणी आणलं, सगळं त्यावर लिहिलेलं. अशी साठ हजार शीटं लोखंडी कपाटांत कुळाकुळाने रचलेली होती आणि त्यांच्या किल्ल्या दादाच्या कमरेला. संध्याकाळी निघताना तो प्रत्येक कपाटाच्या फटीवर स्वतःच्या डोक्याचा एक केस डिंकाने चिकटवून जायचा आणि सकाळी तो जागेवर आहे का बघायचा. एकदा सातव्या कपाटावरचा केस सापडला नाही, तर दुपारपर्यंत आम्हा सगळ्यांची उलटतपासणी चालली. शेवटी केस त्याच्याच कोटाच्या बाहीला चिकटलेला मिळाला. त्यावर दादा म्हणाला, "हा इथे कोणी आणला?"

घरीही तेच. दूध तापवलं की भांड्यावर झाकण, झाकणावर वजन, आणि मांजर तर आमच्या गल्लीतही नव्हतं. लग्नासाठी त्याने तीन मुली पाहिल्या. पहिली फार हसत होती, म्हणजे काहीतरी लपवत होती. दुसरी अजिबात हसली नाही, म्हणजे नक्कीच लपवत होती. तिसरीने विचारलं, तुमच्या सगळ्या सवयी चांगल्याच आहेत का? तिच्याबद्दल दादाने संशय घेतला नाही, तिनेच नकार कळवला. आमचे आईवडील लवकर गेले. मी दादापेक्षा दहा वर्षांनी लहान. माझे शाळेचे डबे, माझे ताप, माझे कपडे सगळं त्यानेच केलं, आणि माझ्या प्रगतिपुस्तकावरची सही करायच्या आधी बाईंची सही खरी आहे का तेही तोच तपासायचा.

पुस्तकांवर तर त्याचा काडीचाही विश्वास नव्हता. छापणारा चुकतो, आणि लिहिणारा त्याच्याआधीच चुकलेला असतो, असं त्याचं मत. तो शिपाई म्हणून लागला होता आणि भिंग आणि सुई हातात धरून वर चढला होता. जे डोळ्याला दिसेल तेवढंच खरं, असं त्याचं साधं गणित होतं.

एका कुळावर मात्र त्याचा जीव होता. जवसाच्या. मला त्याने तिथेच चिकटवणाऱ्याच्या कामावर लावलं, तेव्हा पहिल्याच दिवशी जवसाचं वाळकं फूल गरम पाण्यात भिजवून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाला, "मोज."

मी मोजलं. बाहेरची हिरवी दलं पाच. पाकळ्या पाच, कळीत एकमेकींवर पीळ घातलेल्या, मिटलेल्या छत्रीसारख्या. पुंकेसर पाच, बुडाशी एकमेकांना धरून एक कडं केलेले. त्या कड्यावर मधेमधे दातांसारखे छोटे खुंट होते. मी विचारलं, हे काय? "हे पण पुंकेसरच, पण निकामी," दादा म्हणाला. "काम काही नाही, जागा धरून बसलेत. प्रत्येक कचेरीत असतात." आणि सगळ्यांच्या मधोमध स्त्रीकेसराच्या पाच काड्या, ज्यांच्या टोकावर पराग पडला की बी धरतं.

मग त्याने बोंड आडवं कापलं. "आता कप्पे मोज."

"दहा."

दादा खूश झाला. कोणी चुकलं की तो खूश व्हायचाच, पण हे वेगळं होतं. "मलाही पहिल्यांदा दहाच दिसले होते. नीट बघ. पाच भिंती खऱ्या आहेत. उरलेल्या पाच खोट्या, मागाहून घातलेले पडदे. खोल्या पाचच. एकेका खोलीत दोन बिया, त्यांच्यात भांडण नको म्हणून मध्ये पडदा. खोटी भिंत ओळखता आली की हे कुळ ओळखता येतं."

असं हे कुळ. पानं साधी, अरुंद, कडेला दाते नाहीत. खोडाच्या सालीत चिवट तंतू, त्यांचाच दोरा काढतात. जाडजूड फांद्या आम्ही शीटवर त्याच दोऱ्याने शिवायचो. बी पाण्यात टाकलं की बुळबुळीत होतं, दाबलं की तेल सुटतं. पाकळ्या मात्र नाजूक. सकाळी उमलतात आणि दुपारच्या आत गळून जातात. म्हणून जवसाचा नमुना आणायचा तर उजाडताच झाडापाशी हजर असावं लागतं. दादा म्हणायचा, बाकीची कुळं फसवतात, कुठे चार पाकळ्या, कुठे सहा. जवसात पाच म्हणजे पाच.

याच कुळाने आमचं घर मोडलं.

झालं असं. शहराबाहेरच्या टेकडीवर रानजवस फुललाय असं मला कळलं. तिथला नमुना आमच्याकडे नव्हता. मी उजाडायला तिथे पोचलो, निळ्या फुलांची चार-पाच झुडपं दिसली, त्यांच्या फांद्या कापल्या आणि तिथल्या तिथे टीपकागदात दाबल्या. पुढे त्यातल्या दोन फांद्या एका शीटवर चिकटवल्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. लेबलवर माझं नाव लिहिलं. वेचणारा म्हणून माझं नाव पहिल्यांदाच एखाद्या लेबलवर येत होतं. ते अक्षर सुंदर यावं म्हणून मी तीन लेबलं फाडली होती.

दोन महिन्यांनी दादाने ते शीट तपासायला घेतलं. भिंग लावून बसला तो उठेचना. मग मला हाक मारली.

"ये. डावीकडचं फूल बघ. मधल्या काड्या?"

"लांब आहेत. पुंकेसरांच्या वर आल्यात."

"आणि उजवीकडचं?"

मी पाहिलं. उजवीकडे काड्या आखूड होत्या, पुंकेसरांच्या खाली दडलेल्या. शेतातल्या जवसात दोन्ही एका उंचीवर असतात, आणि दादाने जन्मभर तेच पाहिलं होतं.

"ही एका जातीची फुलं नाहीत," दादा म्हणाला. "दुसरं कुठून आणलंस?"

"दादा, एकाच सकाळी, एकाच जागेवरून आणलंय सगळं."

"एकाच झाडाचं?"

"नाही, चार-पाच झुडपांचं. पण एकाच जातीची होती ती."

"हे कोणी ठरवलं? तू?"

त्यानंतर तीन दिवस तो कपाटं उपसत होता. चौथ्या दिवशी त्याला बाहेरच्या मुलखातल्या एका निळ्या जवसाचं फार जुनं शीट सापडलं, ज्याच्या तिन्ही देठांवर एकही फूल नव्हतं. जुन्या शीटांवरची फुलं गळतातच. पण दादाच्या मनात पाल चुकचुकली होती आणि ती एकदा चुकचुकली की थांबत नसे. त्याने सगळं जुळवलं. मी टेकडीवर उशिरा पोचलो असणार, उजव्या फांदीच्या पाकळ्या गळाल्या असणार, आणि ते लपवायला मी जुन्या शीटावरची फुलं उचकटून माझ्या फांदीवर चिकटवली असणार. एका शीटावरचं फूल दुसऱ्यावर लावणं हे आमच्या कामात कोणी कोणाला माफ करत नाही. बाहेरच्या लोकांना हसू येईल, पण एका खोट्या शीटावर विसंबून पुढची पन्नास माणसं चुकतात.

मी शपथा घेतल्या. रडलोही, सांगायला लाज कसली. दादाने अहवाल लिहिला. संचालकांनी भिंगाला डोळासुद्धा न लावता त्यावर सही केली. आणि दादाने माझ्या शीटवर, माझ्या लेबलच्या शेजारी, पक्क्या शाईने लिहिलं: "संशयास्पद. फुले अन्य नमुन्यातील. चिकटवणाऱ्याने लावलेली." शीटावर एकदा लिहिलेलं कधी खोडत नाहीत. तसा नियमच आहे. म्हणजे ती साठ हजार शीटं जोवर टिकतील तोवर मी खोटारडा.

सख्खे भाऊ पक्के वैरी, हे मी त्या दिवशी घराच्या दारात उभा राहून ओरडलो. सगळ्या गल्लीने ऐकलं. दादा एवढंच म्हणाला, "किल्ली ठेवून जा." मी किल्ली ठेवली आणि गेलो. पुढची अकरा वर्षं आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. दुसऱ्या कुठल्या संग्रहालयात मला कोणी उभं केलं नाही. ही बातमी माझ्याआधी तिथे पोचलेली असायची.

मी फोटोंना चौकटी करून देण्याचं दुकान काढलं. डिंकाचा हात होताच. लाकडाला चमक यावी म्हणून जवसाचंच तेल चोळतात, त्यामुळे त्या कुळाने माझा पिच्छा काही सोडला नाही. लग्न केलं, दुकानावरच्या दोन खोल्यांत संसार मांडला. माझी बायको दादाला कधी भेटली नव्हती. मी तिला सगळं सांगितलं होतं, आणि दर वर्षी त्यात थोडी भर घालून सांगत होतो.

मग एका सकाळी मी दुकानाचं शटर वर केलं तर समोरच्या चपलांच्या दुकानापाशी दादा उभा. केस पांढरे, कोट तोच. काचेतल्या बायकांच्या सॅंडल निरखून पाहत होता. माझ्याकडे एकदा चोरून पाहिलं आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

"अहो, भाऊ आहेत तुमचे," बायको म्हणाली. "हाक तरी मारा."

"त्याला काहीतरी हवंय."

"काय हवं असणार?"

"घर विकायचं असेल. माझी सही लागत असेल. नाहीतर तो असा येणारा माणूस नाही."

"तुम्ही विचारलंत?"

विचारायचं कशाला? मला माहीत होतं. चौथ्या दिवशी तो निघाला तसा मी दुकान बायकोवर सोपवून त्याच्या मागे गेलो. तो वळला की मी खांबाआड. तो थांबला की मी बुटाची नाडी बांधायला खाली. माझ्या पायात चपला होत्या, हे मला तिसऱ्यांदा वाकल्यावर लक्षात आलं. असा मी आमच्या जुन्या घराच्या मागच्या दारापर्यंत गेलो आणि फटीला डोळा लावला.

आत अंगणात ओळीने कुंड्या होत्या. कुंड्यांत निळी फुलं, आणि कित्येक फुलांना मलमलीच्या इवल्या पिशव्या दोऱ्याने बांधलेल्या. दादा गुडघ्यांवर बसून भिंगातून एकेक फूल बघत होता आणि पुटपुटत होता, "लांब. आखूड. आखूड. लांब." मग त्याने एक बारीक ब्रश घेतला, एका फुलाला लावला, दुसऱ्याला लावला आणि त्याला पुन्हा पिशवी बांधली.

घरी येऊन मी पोट धरून हसलो. "वेड लागलंय त्याला. आता माणसं संपली, मधमाश्यांवर संशय घेतोय. फुलांना पिशव्या बांधून ठेवल्यात!"

बायको हसली नाही. "एकटेच असतात का ते?" तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी दादा रस्ता ओलांडून सरळ दुकानात आला. हातातल्या पिशवीतून त्याने दोन छोट्या कुंड्या काढून माझ्या टेबलावर, अर्धवट चौकटींच्या मध्ये ठेवल्या. खिशातून भिंग काढलं.

"लवकर बघ," तो म्हणाला. "अकरापर्यंत पाकळ्या गळतील."

अकरा वर्षांनी पहिलं वाक्य हे! माझा असा संताप झाला की हातातली हातोडी मी मुद्दाम खाली ठेवली. "सही करणार नाही," मी म्हणालो.

"कसली सही?"

"घराची."

"घराला काय झालंय?" दादा गोंधळून म्हणाला. मग त्याने टेबलाची कड धरली आणि एका दमात सांगायला लागला, पाठ करून आल्यासारखा. "मी रिटायर झालो आणि त्याच आठवड्यात टेकडीवर गेलो. तुझी चोरी पक्की करायला. तुझी उजवी फांदी तिथली नाहीच, हे मला सिद्ध करायचं होतं. तर तिथे झुडपंच झुडपं. एक लांब काडीचं, शेजारचं आखूड, पुन्हा लांब. मला वाटलं, कोणीतरी मुद्दाम आणून लावलीत."

"कोणी?"

"तू," दादा म्हणाला.

मला हसू आलं आणि मी ते गिळलं.

"मग मी एका झुडपाचं एकच बोंड तोडलं. डबीत घातलं, डबीला कुलूप लावलं. त्यात दहा बिया. नऊ उगवल्या. दुसऱ्या वर्षी फुलं आली तर पाच झाडं लांब काडीची, चार आखूड. एका बोंडातली! एकाच आईची! तरी मला पटेना. पिशव्या बांधल्या, म्हणजे मधमाशी नको मध्ये. ब्रशने लांब काडीच्या फुलाचा पराग दुसऱ्या लांब काडीला लावून पाहिला. बी धरलं नाही. आखूडचा आखूडला लावला, तरी नाही. लांबचा आखूडला आणि आखूडचा लांबला लावला, तर बोंडं भरली. त्यांना दोन्ही लागतात रे. म्हणून ती तशी असतात. जात एकच."

मी एक कुंडी जवळ ओढली.

"आणि हे पुस्तकात होतं," तो खालच्या आवाजात म्हणाला. "शंभर वर्षांपूर्वीच कोणीतरी बघून लिहून ठेवलेलं. आपल्याच लायब्ररीत. माझ्या टेबलापासून वीस पावलं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं मी मोठ्याने म्हणणार होतो. पण मीही तिथे सहा वर्षं नोकरी केली होती आणि ती वीस पावलं मीही कधी चाललो नव्हतो.

"माझं चुकलं," दादा म्हणाला. "पण तू बघ. माझ्या डोळ्यांवर माझा आता विश्वास नाही. तू सांग काय दिसतं."

मी भिंग घेतलं. पहिल्या कुंडीतल्या फुलात पाच काड्या पुंकेसरांच्या वर निघालेल्या. दुसऱ्यात त्या खाली दडलेल्या. बाकी सगळं तेच, तीच निळी पाकळी, तीच पाच हिरवी दलं. अगदी माझ्या शीटवरची दोन फुलं, फक्त जिवंत.

"दिसलं," मी म्हणालो. "आता काय, बक्षीस देऊ तुला?"

तो माझ्या रागाला लायकच होता आणि त्याला ते कळत होतं. त्याने आतल्या खिशातून एक छोटी चिठ्ठी काढली. संग्रहालयात जुनं लिहिलेलं खोडत नाहीत, पण त्याच्याखाली नवी चिठ्ठी चिकटवता येते. दादाच्या रेखीव अक्षरात लिहिलं होतं: "वरील शेरा चुकीचा. दोन्ही फुले एकाच जातीची, एकाच जागेची, खरी. चूक तपासणाऱ्याची. चिकटवणाऱ्याचा दोष नाही." खाली त्याचं पूर्ण नाव आणि सही.

मी ती एकदा वाचली. मग शब्द न शब्द पुन्हा वाचली. कुठे 'ध' चा 'मा' केलाय का, कुठे मागे वळायला फट ठेवलीय का, हे शोधत होतो. मग चिठ्ठी उलटी करून मागे काही लिहिलंय का पाहिलं. उजेडासमोरही धरली.

"बघ, बघ," दादा म्हणाला. "मी असतो तर मीही बघितलं असतं."

तेव्हा मात्र मला माझी लाज वाटली. अकरा वर्षं मी ज्याला शिव्या देत होतो तोच शंकासुर माझ्या दुकानात माझेच कपडे घालून बसला होता.

त्याच दिवशी आम्ही संग्रहालयात गेलो. आता तिथे एक तरुण संग्रहपालबाई होत्या. दादाने त्यांच्याकडे आधीच अर्ज देऊन परवानगी घेतली होती. तरी आत जाताना तो प्रत्येक कपाटाच्या फटीकडे बघत होता आणि मी त्याला कोपराने ढोसत होतो. बाईंनी शीट आणून टेबलावर ठेवलं. माझ्या दोन फांद्या होत्या तशाच होत्या, डिंक कुठे सुटला नव्हता. फुलांचा निळा रंग उडून फिकट झाला होता. शेजारी ती शाई मात्र ठळक होती.

"तूच लाव," दादा म्हणाला. "चिकटवणारा तू."

मी चिठ्ठीच्या पाठीला पातळ डिंक लावला. दादाने बोटाने कागदाचा कोपरा धरला आणि मी ती जुन्या शेऱ्याच्या बरोबर खाली बसवली. टीपकागद दाबून आम्ही दोघं ती सुकेपर्यंत थांबलो. बाईंनी शीट परत कपाटात ठेवलं.

बाहेर आलो तर उन्हं डोक्यावर आली होती. दादा पायरीवर घुटमळला.

"घरी चल," तो म्हणाला.

"कशाला?" माझ्या तोंडून निघून गेलं.

मला वाटलं, आता तो भडकेल. तो भडकला नाही. "जेवायला," तो म्हणाला. "एकट्याने जेवून जेवून कंटाळलोय मी."

मी बायकोला फोन लावला. म्हटलं, माझी वाट बघू नकोस, मी दादाकडे जेवणार आहे.

"खरं सांगताय?" तिने विचारलं.

मी फोन दादाच्या हातात दिला.